तू तमिळमध्ये परतलीस

आई, आत्या चुकली होती. तू होतीस तेव्हा हे तुला सांगायचं राहिलं. आता मी तुझ्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे, म्हणून कुणाची भीड न ठेवता लिहिते. आत्या चुकली होती आणि काही वेळ अप्पाही चुकले होते.

तो दिवस तुला आठवत नसणार. दिवाळीसाठी माळ्यावरचा पितळी हंडा काढायला तू शिडीवर चढलीस. शिडी सरकली आणि तुझं डोकं रगड्याच्या दगडी कडेवर आपटलं. रक्त फारसं आलं नाही, म्हणून मला वाटलं, आत्ता उठशील आणि मलाच ओरडशील. तंजावरच्या इस्पितळातून तुला घरी आणलं तेव्हा तुझे डोळे उघडे होते, पण भिंतीवरून फिरावेत तसे माझ्यावरून फिरायचे. उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला आहे, भानावर येतील किंवा अशाच राहतील, सांगता येत नाही. अप्पा शाळेत गणित शिकवणारे. 'सांगता येत नाही' हे उत्तर त्यांना सोसेना. ते कुणाशी बोलेनासेच झाले.

मग तिरुविडैमरुदूरहून सकाळच्या गाडीनं आत्या आली. मी चुलीपाशी तुझी पेज ढवळते आहे आणि बाहेर ती अप्पांना सांगते आहे, "पोरीचं लग्न या महिन्यांत उरकून टाक. हिचं कांही बरंवाईट झालं तर वर्षभर घरांत कार्य करतां येणार नाही. माझ्या दिराचा मुलगा तयार आहे."

मी हातातल्या पळीसकट बाहेर आले. "आई समोर बसून बघेल, तेव्हांच मी बोहल्यावर चढेन."

"आणि ती उठलीच नाही तर?"

"तर मी तिच्यापाशी बसेन. तुमच्या दिराच्या मुलाला दुसरी शोधा."

"जीभ बघ हिची!" आत्या म्हणाली. पण अप्पांनी तिला होकार दिला नाही, मला तेवढं पुरलं.

मी रोज तुझ्याशी बोलत राहिले, आपल्या घरच्या मराठीत. तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. एके सकाळी शेजारच्या मामी तुला वेणी घालायला आल्या आणि त्यांच्या तमिळमध्ये नेहमीसारख्या बडबडत बसल्या. मी पेज भरवत होते. तिसरा की चौथा घास असेल, तू तोंड फिरवलंस आणि म्हणालीस, "पोदुम्."

पुरे. एवढंच. मी वाटी तिथेच ठेवून अप्पांना हाका मारत सुटले.

अप्पा धावत आले, तुझ्यापुढे बसले, मराठीत विचारलं, "मला ओळखलंस?" तू त्यांच्याकडे परक्या माणसासारखं पाहिलंस आणि पाणी मागितलंस, तेही तमिळमध्ये. अजून मुक्कामालाच असलेली आत्या दारातूनच म्हणाली, "हें तिचं बोलणं नव्हे. हें वाताचं बरळणं." अप्पांचे डोळे भरले. "ती आली नाही गं," ते मला म्हणाले.

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. स्वयंपाकघरात 'पाणी'ऐवजी 'तण्णी' म्हटलं म्हणून तू माझ्या बोटांवर उलथनं मारलं होतंस. उंबऱ्याच्या आत आपलीच भाषा, हा तुझा नियम. पण माझं डोकं भडकलं. "तिला तमिळ येतं, तुम्हांला येतं, दिवसभर शाळेत तेंच बोलतां. मग बोला की तिच्याशी!"

अप्पांनी डोळे पुसले. मग शेजारच्या बाईंशी बोलावं तसं, अहोजाहो करत, तमिळमध्ये म्हणाले, "कसं वाटतं तुम्हांला?" आणि तूही पदर सावरून तितक्याच अदबीनं सांगितलंस, "बरी आहे."

त्या दिवसापासून आपलं घर तमिळ बोलायला लागलं. नातेवाईक हसले, हसू दे. मराठी तुझ्यापाशी हळूहळू आली, मीठ, ऊन, जा, अशी एकेका शब्दानं. पहिलं अख्खं वाक्य मात्र तू आत्यालाच ऐकवलंस: "बैस, ओरडूं नको."

माझं लग्न पुढे झालं, तुझ्या समोर, आत्याच्या दिराच्या मुलाशी नव्हे. तू खुर्चीवर बसून डाव्या हातानं मला कुंकू लावायला निघालीस. कुणीतरी म्हणालं, डावा हात नको. मी मान आणखी खाली केली. कुंकू लावून तू माझी हनुवटी धरलीस आणि विचारलंस, "कुणाची गं तू?" मी म्हणाले, "तुझीच." तू खूप हसलीस.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून शेवटचंही लिहिते. नातवंडांना मी सांगते, पणजी चेष्टा करत होती. ती चेष्टा होती का, मला ठाऊक नाही. त्यानंतर तू बरीच वर्षं जगलीस, मी कधीही विचारू शकले असते. विचारलं नाही. पण कुणी शंका काढलीच, तर अजूनही ठासून सांगते, चेष्टाच होती.