चार फुटी टाकीचा स्टँड

प्रिय दादा,

तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. ‘याचं परत सुरू झालं,’ असं तू घरात म्हणाला असशील. तसं काही नाही. जेवतोय, झोपतोय, आज दाढीसुद्धा केली. पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, ‘आधी तू शांत हो बघू’ म्हणशील, म्हणून लिहायला बसलो. कागद मधेच शांत हो म्हणत नाही.

अपघातानंतर बस चालवणं सोडून मी मागच्या खोलीत पडून राहायला लागलो, ते दिवस माझ्यापेक्षा तुलाच जास्त आठवत असतील. सायकलवाला वाचला, चौकशीत माझी चूक नाही असं निघालं, कामावर या म्हणून निरोपही आला. पण स्टिअरिंग नुसतं डोळ्यांपुढे आलं तरी मला दरदरून घाम फुटायचा. सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलत. आणि एक दिवस तू आलास, पलंगाच्या कडेवर बसलास आणि नेहमीच्या आवाजात म्हणालास, ‘बारक्या, एक काम होतं. हॉलमध्ये माशांची टाकी घेतोय, चांगली चार फुटी. बाजारातल्या स्टँडचा मला भरवसा नाही. तू करून देशील?’ दादा, त्या सगळ्यांत मला काम सांगणारा तू एकटा होतास. तू गेल्यावर मी उठून अंघोळ केली.

मला तर धड खिळा ठोकता येत नव्हता. तूच गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींचं नाव सुचवलंस. मी लाजत गेलो, तर त्यांनी काही न विचारता हातात करवत दिली. भरलेली टाकी तीनएकशे किलोची होते, तेव्हा आडवी लाकडं पायांच्या बाजूला स्क्रूने लटकवायची नाहीत, पायांच्या डोक्यावर बसवायची, म्हणजे वजन लाकडावरून लाकडात उतरतं, हे त्यांनी शिकवलं. माझा पहिला सांगाडा डुगडुगला तेव्हा म्हणाले, ‘चार पाय असले म्हणून टेबल होत नाही बाबा, चार पाय गाढवालाही असतात.’ मी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. रोज तिथे जायला लागलो. रंधा मारताना हात थरथरत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं ते खूप उशिरा. मिस्त्री माझे मित्र झाले असं मला वाटत होतं. फिल्टरची नळी जायला मागे भोक पाडलं, वायर लपावी म्हणून आतून पट्टी मारली, पुतणीचा हात पोचावा म्हणून दाराची मूठ खाली घेतली. तुझ्या घरात काय काय पोहणार आहे, ते मनात बघत बघत मी तो स्टँड केला.

वरची फळी बसवायच्या आधी मला एक गोष्ट हवी होती. टाकीला खालून चौकट आहे की नुसती काच, ते बघायचं होतं. नुसती काच असेल तर खाली थर्माकोल घालावा लागतो, नाहीतर खडा आला तरी काच तडकते. म्हणून तू सांगितलेल्या दुकानात गेलो. तुझं नाव सांगितल्यावर दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याला आठवलं. म्हणाला, ‘हां, ते! ते आले होते. टाकी करायला नाही सांगितली त्यांनी. चार फुटी टाकी असली तर स्टँड केवढा लागतो, एवढंच विचारलं आणि माप घेऊन गेले.’ समोर टाकीतले मासे तोंड उघडत होते, मिटत होते.

तरी मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, दुसऱ्या दुकानात सांगितली असेल. संध्याकाळी तुला फोन करून सहज विचारलं, टाकी कुठवर आली? तू एका दमात म्हणालास, ‘अरे, आजच त्याच दुकानात जाऊन आलो. काच कापून झालीय. जोडांचं सिलिकॉन सुकायला वेळ लागतो, तू घाई करू नकोस.’ सिलिकॉन, दादा! तू नुसतं खोटं बोलला नव्हतास, त्यासाठी माहिती काढली होतीस. लहानपणी माझ्यासाठी गणितं सोडवायचास तेवढ्याच मन लावून.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना विचारलं, टाकी खरंच येणार आहे का? ते पटाशीला धार लावत होते, मान वर केली नाही. म्हणाले, ‘दादा काळजीपोटी करतात रे. रोज फोन करतात. मी सांगतो, आज दोन शब्द बोलला, आज हसला.’ म्हणजे माझं ते हसणंसुद्धा त्याच संध्याकाळी तुझ्या घरी पोचलं होतं. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणाऱ्याला वाटतं, आपण केसच विंचरतोय.

उरलेलं काम मी घरी एकट्याने पुरं केलं. का केलं, ते मलाही सांगता येणार नाही. स्टँड टेम्पोने तुझ्याकडे आणून दिला तेव्हा तू त्यावरून हात फिरवलास, ‘वा रे पठ्ठ्या!’ म्हणालास, आणि लगेच, ‘टाकी पुढच्या आठवड्यात.’ मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. एकदा तरी नजर चुकवशील, असं वाटलं होतं. नाही चुकवलीस. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसा तू मला स्टँड दिलास, आणि पोर गप्प झालं म्हणून तुझा चेहरा असा उजळला होता की मला तिथे भांडताही आलं नाही. मी बरा झालो, हे खरं आहे. त्याचाच तर राग येतो. ज्याने मला उठवून बसवलं ते मुळात नव्हतंच, आणि हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

एवढं सगळं मी गिळलं असतं, कधीच बोललो नसतो. पण परवा वहिनींचा फोन आला. रडत होत्या. म्हणाल्या, ‘यांना काही कळू देऊ नका. घाबरतील, खाणंपिणं सोडतील. साधी पोटाची तपासणी आहे, एवढंच त्यांना सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.’ मी हो म्हणालो. आणि तेव्हापासून तुझा फोन वाजला की माझा हात पुढे होत नाही. दादा, मंगळवारी तुला नुसत्या तपासणीला नेत नाहीयेत. तुझ्या पोटात गाठ आहे, ऑपरेशन आहे. गाठ कसली ते काढल्यावरच कळेल, असं डॉक्टरांनी वहिनींना सांगितलंय. त्यांच्यावर रागाव किंवा माझ्यावर रागाव, पण आत्ताच रागाव. नंतर कळल्यावर तो राग कुठे ठेवायचा ते समजत नाही. हे पत्र आजच तुझ्याकडे पोचवतो; उद्या सकाळी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना तुझ्या तोंडाने विचार. मी फाटकाशी असेन. बरोबर ये म्हणालास तर आत येईन, नको म्हणालास तर बाहेर बाकावर बसेन.

तुझाच,
बारक्या