काठीच्या पुढचं पाऊल

३ फेब्रुवारी, सोमवार

खांदा आजही वर जाईना. मलम चोळलं. वास तेवढा घरभर झाला.

क्लासला सेक्रेटरीबाई आल्या होत्या — हॉलच्या कमिटीच्या. सोळा तारखेच्या कार्यक्रमात म्हणे मी पोरांना दोन शब्द सांगायचे. विषयसुद्धा घेऊनच आल्या! 'आत्मविश्वास आणि आपली वाट कशी शोधावी.' वाट हरवलीय कुणाची? जिना चढा, चपला बाहेर काढा, हॉल समोरच आहे.

"या वयात मुलं फार नाजूक असतात हो बाई."

नाजूक! परवा एकाने उडी मारली तर खालच्या फर्निचरवाल्याच्या नव्या कपाटावर छताचे पोपडे पडले. वर येऊन ओरडून गेला तो.

माझी सातवी झालेली, तीही धड नाही. तरी लिहून काढते म्हटलं. जायला तयारच नव्हत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

घाईचं आज परत तेच. पंधरा वर्षांची पोरगी. पाय मोकळा, मान सरळ — पण पाऊल ठेक्याच्या आधी! बाकीच्यांचं पडायच्या आत हिचं पडून मोकळं. म्हणून तर मी नाव ठेवलं घाई.

आमच्याकडे सरळ पद्धत आहे. मी फळीवर काठी मारते, काठीवर भाऊजींचा ढोल, ढोलावर पोरं. हे होते तेव्हा काठी ह्यांच्या हातात असायची आणि मी नाचायची. हे गेल्यावर काठी मी घेतली. कुणी काठीच्या पुढे गेलं नाही आजवर.

"काय गं, बस चुकतेय का तुझी?" म्हटलं. पोरं खो खो हसली. ती नाही. मागच्या ओळीत टाकली तिला.

ढोल आवरताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोरीला फार बोलता."

"तुम्ही तुमचा ढोल बघा."

गप्प बसले. माझ्या दिराला गप्प बसायला छान जमतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भाषण लिहायला घेतलं. एक — बाई सांगतील ते ऐका. दोन — मोबाईलमध्ये स्वतःलाच बघत बसू नका. तीन — जेवून या. तुम्हाला चक्कर आली की पळापळ माझी होते.

आत्मविश्वासाचं काही सुचेना. भाजी करपली.

८ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या ओळीतही घाईचं काही खरं नाही. आता तर पाऊल उचलते, हवेत लटकत ठेवते, कावरीबावरी होते आणि भलत्याच वेळी आपटते. आधी निदान एकच चूक होती!

कार्यक्रमातून काढलं तिला. सगळ्यांसमोर सांगितलं, उगाच कुजबुज नको. घुंगरू सोडून पिशवीत भरले तिने.

दमले. पोरांनी नाही, जिन्याने.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घाई आली नाही. तिची आई आली — कामावरून परस्पर, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच.

"बाई, खोलीचं दार लावून तासन् तास सराव करत होती हो. 'जमत नाही, जमत नाही' म्हणून रडायची. आता घुंगरू कपाटावर टाकलेत. नाच सोडला म्हणते. कशात तरी घ्या ना तिला."

मी म्हटलं, सगळ्यांना नाच येतोच असं नाही. दुसरी वाट शोधू द्या तिला.

सेक्रेटरीबाईंची वाट अशी कामाला आली!

आई जिन्याशी बराच वेळ चपला शोधत होती. समोरच होत्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात ही रांग! क्लास भाऊजींवर सोडला होता. धापा टाकत पोचले आणि जिन्यातच थांबले. वरून पावलं ऐकू येत होती. इतक्या जणांची, पण पडत होती एकदम. वर्षभरात असा आवाज आला नव्हता. फर्निचरवालाही दुकानाच्या दारात. "आज बरं वाटतंय ऐकायला," म्हणाला. तो!

मनात म्हटलं, घाई नाही ना, म्हणून.

वर गेले. काठी घेतली, मारली फळीवर. ढोल अडखळला. पावलं विस्कटली. थांबवलं, परत मारली. परत तेच. आणि घाई तर नव्हतीच!

भाऊजींकडे बघितलं. ते ढोलाची दोरी आवळत बसलेले. आवळलेलीच होती.

पोरं गेल्यावर दार लावलं.

"भाऊजी, खरं सांगा."

"काठी मागे पडते, वहिनी. खांदा धरल्यापासून."

"मग तुम्ही?"

"मी काठीसाठी थांबतो. पोरं माझ्यासाठी थांबतात. गाडी कशीबशी चालते."

"आणि घाई?"

"तिचा ठेका पक्का आहे. ती कशाला थांबेल?"

"वर्षभर तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"बोललो होतो की परवा. तुम्ही म्हणालात, ढोल बघा."

जेवले नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काठी घरी ठेवून गेले. भाऊजींना म्हटलं, तुम्हीच चालवा. खुर्चीत बसले. बसण्याने इतकं दमायला होतं हे माहीत नव्हतं. हात सारखा मांडीवर आपटायला बघत होता. दुसऱ्या हाताने दाबून ठेवला.

पोरं छान नाचली. मुकाट्याने बघितलं.

भाषणातला पहिला नंबर खोडला. त्या जागी काय लिहायचं, ते काही कळेना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घाईकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पोरगी दारातच उभी राहिली. मीही आत गेले नाही. सांगून टाकलं — तू बरोबर होतीस, माझी काठी चुकत होती. उद्या ये. पहिल्या ओळीत.

खाली बघत म्हणाली, "ते माहीत होतं, बाई. घरी मी पाऊल उशिरा टाकायचाच सराव करत होते. तेच जमत नव्हतं."