पुरुष, एकाहत्तर, उजवं मनगट

प्रिय बारक्या,

रुग्णांचे फोटो सोडून तुला काही लिहिल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. फोनवर तू मोकळा नसतोस आणि असलास तर मला धड बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन अजून कुरकुरतं, पण चालतं. आमचे डॉक्टर तापखोकल्याचे, हाडांचा डॉक्टर तू. मोडलेलं हाड आलं की माझ्याकडेच बघतात. मग मी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावते, नावावर चिकटपट्टी मारते आणि फोटो काढून तुला पाठवते. खाली पुरुष की बाई, वय आणि कुठलं हाड, एवढंच. शिस्त तूच घालून दिलेली. तीन वर्षांत तुझं उत्तर चुकलं नाही. लोक मला अर्धी डॉक्टरीण म्हणतात, पगार मात्र पूर्वीचाच.

बाबांनी दुकान बंद केलं ते डोळे थकले म्हणून, असं त्यांनी तुला सांगितलं. डोळे ठणठणीत आहेत.

तीन महिन्यांपूर्वी ते दुकानाच्या पायरीवरून उजव्या हातावर पडले. त्यांचा एक्स-रे मीच काढला. तुला फोन लावत होते, तर त्यांनी अडवलं. बापाचं हाड म्हटल्यावर तो गडबडेल, परक्याचं म्हणून पाठव, म्हणजे नीट बघेल, म्हणाले. मला पटलं. मी त्यांच्या नावावर चिकटपट्टी लावली.

दोन मिनिटांत तुझा आवाजातला निरोप आला. डॉक्टरांनाही ऐकू यावा म्हणून मी तो नेहमीसारखा मोठ्याने लावला. "तरुण असता तर ऑपरेशन सांगितलं असतं. प्लास्टर घाला. थोडं वाकडं जुळेल, पण या वयात त्या हाताला बारीक काम काय असणार?"

बाबा समोरच्या स्टुलावर होते. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. हा घड्याळजी आहे, असं मी टाइप करायला घेतलं. त्यांनी डाव्या हाताने माझा फोन पालथा ठेवला. "बरोबर बोलतोय तो. घाला प्लास्टर." डॉक्टरांनी घातलं. मी पाणी गरम करून दिलं, पट्ट्या भिजवून दिल्या.

तू म्हणालास तसंच जुळलं. मनगट पुरतं वळत नाही, चिमट्यात स्क्रू धरला की निसटतो. आठवडाभर त्यांनी प्रयत्न केला, मग लोकांची घड्याळं परत केली. तुझ्या व्हिडिओ कॉलला ते उजवा हात टेबलाखाली ठेवतात. दिवसभर खुर्चीत बसून असतात. मी डबा भरते, कामावर जाते, येते. रडू येईल असं वाटलं होतं, तेही येत नाही. आतून सगळं बधिर झालंय. तुझा राग येत नाही. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. राग यायला हवा तो माझा, पण तोही नीट येत नाही.

काल तुझा मेसेज आला. फोनवरच्या या उपचारांवर तू डॉक्टरांच्या परिषदेत बोलणार आहेस, आणि त्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांच्या बऱ्या झालेल्या हाताचा फोटो तुला दाखवायला हवाय. मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि घड्याळांची झाकणं उघडायला वाढवलेलं अंगठ्याचं नख मुठीत दडवलं. "हे नको दिसायला, तो ओळखेल," म्हणाले. मी फोटो काढला नाही. वाकडं जुळलेलं हाड पुन्हा कापून सरळ करता येतं, हे मला तूच शिकवलंस. ते मागणार नाहीत. म्हणून मी मागते. ये, आणि तो हात तुझ्या हातात घेऊन बघ.

तुझीच,
ताई