प्रुइटवरचा खटला

मंगळवार, सकाळ

प्रिय कॅझ,

रविवारपासून तू फोन उचलत नाहीयेस. बरोबरच आहे तुझं. चाळीस वर्षं जुन्या मित्राच्या अंगावर ज्याने चारचौघांत चटणीची प्लेट फेकली, त्याचा फोन मीही उचलला नसता. म्हणून कागद घेऊन बसलोय. मला पत्रं लिहायची सवय नाही. आमची रोझली होती तेव्हा नाताळची कार्डंसुद्धा तीच लिहायची, मी खाली नुसती सही ठोकायचो. तेव्हा अक्षराला हसू नकोस, आणि अर्ध्यावर चुरगळून टाकू नकोस. तुझ्या नातवाचा, कोल्बीचा, सामना शुक्रवारी आहे. त्याआधी हे शेवटपर्यंत वाच, एवढ्यासाठीच स्वतः येऊन तुझ्या पत्रपेटीत टाकणार आहे.

आधी जॅकेटचं. लू म्हणाला, डाग निघत नाहीये. नवं घेऊन देतो म्हणालो तर तू आणखी चिडशील, हेही ठाऊक आहे, कारण ते जॅकेट तू त्या बर्फातल्या सामन्याला घातलं होतंस आणि तेव्हापासून धुतलेलंच नाही. माफ कर मला. पण प्लेट फेकल्याची माफी मागतोय, रागावल्याची नाही. राग कशाचा होता ते तुला कळलेलं नाही. तुला वाटतंय, प्रुइटवरून मी बिथरलो.

इतकी वर्षं आपण लूच्या ट्रकवर हे खटले चालवत आलो. आपल्या फुटबॉल संघात नवा माणूस घेतला की पुढच्या घरच्या सामन्याला, मैदानाबाहेर कोळसे पेटले की लू वाढायच्या डावाने बादली बडवणार, त्याची बहीण मॅज न्यायाधीश, तू कायमचा सरकारी वकील आणि मी कायमचा आरोपीच्या बाजूने. हरेल त्याने मुळ्याची ती पांढरी, नाकात झणझणणारी चटणी चमचाभर नुसती खायची. किती वेळा खाल्ली असेल मी! तू फार तर चार वेळा. माणसाची बाजू घ्यायची खोड आहे मला, आणि माणूस ओळखायची अक्कल तुला. रविवारचा खटला तर वर्षातला सगळ्यात मोठा. लव्हॉन प्रुइट घरी परत आला होता. आपल्याकडे सहा वर्षं चेंडू काखेत धरून धावलेला, मग जास्त पैशांसाठी टेक्सासला गेलेला, आणि आता बत्तिसाव्या वर्षी एका मोसमाच्या करारावर पुन्हा आपल्या दारात.

तू काय रंगात आला होतास! “बत्तीस वर्षांचा रनिंग बॅक म्हणजे काय, माहितीय का? औषधाच्या दुकानात आपल्या पुढे रांगेत उभा असतो तो म्हातारा! दोन्ही गुडघे उसवून शिवलेत त्याचे. बॉल हातात दिला की आधी बसायला खुर्ची शोधेल.” लू म्हणाला, “खुर्ची आपण देऊ की. माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत.” मग मी उठलो. म्हणालो, “त्या बर्फात चार जण अंगाला लोंबकळत असताना ह्याच माणसाने त्यांना नऊ यार्ड फरफटत नेलं होतं. तेव्हा तू रडला होतास, कॅझ. माझ्या बाहीला नाक पुसलं होतंस.” तू म्हणालास, “तेव्हा तो चोवीसचा होता. तेव्हा जिना मीही चढायचो!” आजूबाजूच्या गाड्यांवरचे लोकसुद्धा येऊन उभे राहिले होते. कुणीतरी ओरडलं की पायातली जान गेली तरी डोळे राहतात, फट कुठे आहे ते म्हाताऱ्यालाच दिसतं. तू म्हणालास, “दिसेल की. पोचेपर्यंत बुजलेली असेल.”

मॅजने लूचा तो डाव आपटला, आठवतंय? “पायांचं काय घेऊन बसलात? मागच्या मोसमात डोक्याला लागून दोनदा आडवा झाला होता तो. मी त्याची आई असते तर कान धरून घरी नेला असता.” आणि तू म्हणालास, “डोकं काय करायचंय, मॅज? डोकं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला लागतं. रनिंग बॅकने नुसतं घुसायचं.” सगळे हसले. मीही हसलो. तेवढा दोष माझ्याही माथी.

मग तुला कोल्बी आठवला. तुझं खरं दुखणं तेच होतं, प्रुइट नव्हताच. गेल्या शुक्रवारी त्याच्या डोक्याला दणका बसला, शाळेच्या मैदानावर डॉक्टरने ते कार्ड काढून पाच शब्द वाचून दाखवले, थोड्या वेळाने परत विचारले, त्याला तीनच आठवले, आणि पोराला बाकावर बसवलं. येत्या शुक्रवारी पुन्हा विचारणार, आणि त्याच दिवशी मोसमातला शेवटचा सामना. तुझा आवाज चढला होता. “पाच शब्द! पाच शब्दांपायी पोराचं वर्ष घालवणार! ह्या वॉल्टचा डेनी बघा. सात वेळा आपटला, सातही वेळा पास! वॉल्ट, अरे, म्हातारा डॉक्टर गेला पण कार्ड ठेवून गेलाय. अजून तेच कार्ड, तेच शब्द. आठवतायत का तुला?”

मी उत्तर द्यायच्या आत डेनी उठला. तो मॅजच्या मागे घडीच्या खुर्चीत बसला होता, टोपी डोळ्यांवर, मांडीवर मिठाच्या पावातलं बीफ तसंच पडलेलं. उठला, हात पाठीमागे बांधले, छाती पुढे काढली आणि पाचही शब्द सांगितले. टाळ्या पडल्या. तू म्हणालास, “सकाळीच ढोसून आलाय तरी बघा लेकाचा!” आणि पेन काढलंस. लिहून घ्यायला तळहात पुढे करून म्हणालास, “पुन्हा सांग डेनी, जरा सावकाश.” तेव्हा मी प्लेट फेकली.

त्याने थेंबही घेतला नव्हता, कॅझ. चार वर्षांत दारू घेतलेली नाही त्याने. दारूची गोष्ट मी पसरवली. गेल्या जानेवारीत बर्फ काढायचा ट्रक घेऊन तो आमच्याच गल्लीतून सकाळपासून दुपारपर्यंत फेऱ्या मारत राहिला, खाली डांबर दिसायला लागलं तरी. शेवटी मी ट्रकसमोर उभा राहिलो. त्याने काच खाली केली आणि म्हणाला, “साहेब, बाजूला व्हा, मला पुढची गल्ली करायचीय.” नगरपालिकेने किल्ली काढून घेतली. लोकांनी विचारलं, मी सांगितलं, पितो. दारू म्हटलं की आपल्यात लोक समजून घेतात, पाठीवर हात ठेवतात, स्वतःच्या भावाची गोष्ट सांगतात. त्याची बायको गेलसुद्धा हेच समजून त्याला सोडून गेली, आणि मी तिला जाऊ दिलं. एका बाईला सतरा वर्षांच्या संसाराबद्दल खोटं समजून जाऊ दिलं, कारण खरं सांगायचं तर सुरुवात माझ्या स्वयंपाकघरापासून करावी लागली असती.

ती सुरुवात अशी झाली. शहाण्णव सालचा सप्टेंबर. डेनीला पहिला जबर मार लागला, डॉक्टरने कार्ड काढलं, त्याला दोन शब्द आठवले नाहीत आणि दोन सामने तो बसला. ओहायोच्या कॉलेजचा माणूस त्यांच्या संघात घ्यायला त्याचा खेळ बघायला येणार होता. आपला कारखाना बंद पडून तेरा वर्षं झाली होती. मी शाळेत फरशा पुसत होतो, तू ट्रक चालवत होतास, आणि ह्या गावातून बाहेर जायचा रस्ता त्या पोराच्या काखेतल्या चेंडूतून जातोय अशी माझी खात्री होती. मी कुंपणाला टेकून उभा असायचो. दुसऱ्या एका पोराला विचारताना ऐकलं, तर तेच पाच शब्द. डॉक्टरकडे कार्डच एक होतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. मी ते शब्द पाकिटाच्या मागे लिहिले आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावले. रोज जेवायच्या आधी म्हणायचे. सरळ म्हणायचे, मग उलट म्हणायचे, मग मी मध्येच दार आपटून दचकवायचो आणि पुन्हा म्हणायचे. म्हटल्याशिवाय ताट नाही. उभं राहायचं कसं तेही मी शिकवलं. हात मागे, म्हणजे थरथरलेले दिसत नाहीत.

रोझली तेव्हा एकदाच बोलली. भांडी घासत होती, वळलीही नाही. “वॉल्ट, डॉक्टर पास करायला विचारत नाही रे. कळायला विचारतो.” मी म्हणालो, तुला खेळातलं काय समजतं. तिने नळ मोठा सोडला आणि विषय तिथेच संपला.

आणि तो शेवटचा सामना. तीन वेळा आपटला त्या दिवशी. तिन्ही वेळा उठून हात मागे बांधले, पाचही शब्द सांगितले, डॉक्टरने शिरस्त्राणावर थाप मारली आणि आत पाठवला. आपण दोघं गळ्यात गळे घालून नाचलो होतो. परत येताना गाडीत त्याने मला विचारलं, “बाबा, आज कुणाशी होता आपला सामना?” ही गोष्ट मी तुला सांगितली आणि तू ती लूच्या ट्रकवर वीस वर्षं सांगितलीस. तू फार छान सांगतोस ती. प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसतात, डेनीही हसायचा. ओहायोचा माणूस आलाच नाही, हे त्या गोष्टीत नसतं.

मार्चमध्ये त्याला शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शांत होत्या. त्यांनी त्याला पाच शब्द दिले, त्यांचे स्वतःचे, नवे. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते त्याला काढता आलं नाही. मग म्हणाल्या, मघाचे शब्द सांगा. डेनी खुर्चीतून उठला, हात मागे बांधले आणि शाळेतले पाचही सांगितले. बाईंनी आपल्या कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे शब्द कुठले?” मी म्हणालो, माहीत नाही. सत्तर वर्षांचा माणूस मी, डॉक्टरसमोर खोटं बोललो, पोरगा शेजारी उभा. तो माझ्याकडे बघत होता, बरोबर आले ना, असं. नंतर बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की इतकी वर्षं बसलेल्या दणक्यांचं हे असणार. औषध नाही. आणि खात्रीने सांगायचं तर तो गेल्यावर डोकं उघडूनच सांगता येईल. तो चव्वेचाळीसचा आहे.

रविवारी त्याला घेऊन घरी आलो आणि टीव्ही लावला. तू आत मैदानात होतास, तुला लांबून दिसलं असेल. दुसऱ्या सत्रात प्रुइटला दोघांनी मधोमध धरला. उठला, आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालत गेला. टीव्हीवर त्याचा चेहरा जवळून दाखवला. तो कुणाचा तरी हात धरून, आपण कुठे आलो ते बघत होता. तुमच्यातले काही लोक हसले, तो आवाज मला घरी ऐकू आला. मग डॉक्टर त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. आणि डेनी सोफ्यावरून उठला आणि परीक्षेत शेजारच्याला सांगावं तसं दबक्या आवाजात त्या टीव्हीला शब्द सांगायला लागला. एकेक करून. प्रुइट बोलेना, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. मी टीव्ही बंद केला तरी थांबेना.

प्रुइट परत खेळायला आला नाही. म्हणजे खटला तू जिंकलास. मी स्वयंपाकघरात उभा राहून चमचाभर चटणी खाल्ली, साक्षीला कुणी नसलं तरी. पुढच्या रविवारी माझ्या जागेवर मॅजच्या भाच्याला बसव. मी येणार नाही. डेनीला एकटं सोडता येत नाही, आणि न्यावंसं आता वाटत नाही. गेलला मी काल फोन करून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आता मागणं. कोल्बीला शुक्रवारी जे आठवेल ते आठवू दे, नाही आठवलं तर चुकू दे, आणि चुकला तर त्याला घरी ने. तो रडेल, तुझ्याशी महिनाभर बोलणार नाही. तेवढं सोस. ह्या पत्रात मी ते पाच शब्द कुठेही लिहिलेले नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्याकडून ते तुला कधीच कळणार नाहीत. मला भीती माझी नाहीये. तू आमच्या घरी फोन केलास आणि मी अंगणात असलो तर डेनी उचलेल. तुला ओळखेल की नाही, सांगता येत नाही. रविवारी रात्री जेवताना त्याने मला माझं नाव विचारलं. पण तू शब्द विचारलेस तर तो उभा राहील, हात मागे बांधेल आणि पाचही सांगेल, एकही चुकणार नाही, कारण मी शिकवलेत. हात जोडतो, कॅझ. माझ्या पोराला फोन करू नकोस.

तुझाच,
वॉल्ट