खोपटाची घरपट्टी

कामोठे गाव,
४ मे २०२५

चि. जगन,

तुझ्या थोरल्या बायचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तुझा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला बांध म्हणून माझ्या भावजयीला, किशोरीला सांगितलं होतं, बांधला का? की मोठ्या डॉक्टरच्या गोळ्यांपुढे बहिणीचा पाला हलका पडला? सोबत सुकट पाठवते आहे. कैरी टाकून करायला सांग. तुझ्या लेकाला, भावेशला वास सोसत नसेल तर त्याला बाहेर बसव, पण तू पोटभर जेव.

पत्र कशाला, असं प्राचीनेही विचारलं. आईने मोबाईल असताना पेन धरलं की लेकीला काळजी वाटते. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आधी तू बोलतोस, मग मी चिडते, मग तू "बाय, रेंज नाय" म्हणून ठेवून देतोस. अंगणवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावण्यात माझी उमर गेली, तेव्हा माझं अक्षर तुला लागेल. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

भाऊबीजेचं मी काही बोलणार नाही.

घरपट्टीची बिलं आली. गेल्या वर्षीच्या थकबाकीसकट आली. ग्रामपंचायत होती तेव्हा ही रक्कम मी करून विकते त्या भाकऱ्यांच्या एका बऱ्याशा ऑर्डरीत सुटायची. आता आपण शहरात आलो म्हणे. गाव तिथेच आहे, मीही तिथेच आहे, शहर मात्र येऊन आमच्या अंगावर बसलं. आणि बिल एक नाही, चार आहेत. एक राहत्या घराचं, दोन भाड्याच्या खोल्यांचं आणि चौथं शेळ्यांच्या खोपटाचं.

हस. मीही हसले होते. तुझ्या भावोजींचा हा पराक्रम. तेव्हा गावात सगळ्यांची एकच समजूत होती, की ज्याला पंचायतीचा घरनंबर त्याला कोणी हात लावणार नाही. उद्या जागा घेतली, पाडापाडी झाली, तर जितके नंबर तितका हक्क. म्हणून लोकांनी पडव्यांना, न्हाणीघरांना नंबर घेतले. हे कसे मागे राहतील! ग्रामसेवकाला घरी बोलावून, बोंबील भाकरी खायला घालून, यांनी खोपटालाही नंबर घेतला. पुढे शेळ्या गेल्या, हे गेले, पावसाळ्यात खोपटही बसलं. त्या जागी बदामाचं झाड आलं. नंबर तेवढा जिवंत राहिला आणि आता तो जेवायला मागतो.

पट्टी वाढणार म्हणून तू सांगितलंस आणि होळीच्या सुमारास मागच्या खोलीतल्या जिजाचं भाडं वाढवलं. ती काही बोलली नाही. डोंगराकडच्या वाडीतली कातकरीण ती, जन्मात कधी काही बोलली असेल तर ना. पोरं लहान, नवरा जैतू भट्टीवर विटा पाडतो, ही बिल्डिंगींवर घमेली वाहते. महिना झाला की पैसे आणून माझ्या हातावर ठेवते.

एकदम सगळं भरलं तर सूट आहे. पण ज्याच्याकडे एकदम भरायला असतं त्याला सवलतीची काय गरज, हे मला कोणीतरी समजावून सांगा. माझ्यासारखी तुकड्यातुकड्याने भरणार, म्हणजे सूट नाहीच, वर दर महिन्याला व्याज. मी हरकत घेणार आहे. खोपटच नाही तर त्याची पट्टी कसली?

बोलणार नाही म्हटलं, पण राहवत नाही. हे गेल्यापासून दर भाऊबीजेला तू माझी घरपट्टी भरून त्याची पावती ओवाळणीच्या ताटात टाकायचास. साडी नको, पैसे नकोत, पावती. गावातल्या बायका हेवा करायच्या. गेल्या वर्षी ताटात पावती पडली नाही. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाय, आता ह्या पट्ट्या तुला झेपनार नाय. घर भावेशच्या नावाव कर. तो बिल्डिंग बांधंल, तुला वर एक रूम देऊ." माझ्या हातातलं निरांजन मी खाली ठेवलं, ते तुला अपमान वाटलं. मला काय वाटलं ते तू विचारलं नाहीस.

सुकट बरणीत काढून ठेव, पिशवीत ठेवू नकोस, मुंग्या येतात.

तुझी,
बाय


कामोठे गाव,
१७ ऑगस्ट २०२५

चि. जगन,

अनेक आशीर्वाद. राखी पोस्टाने मिळाली असेल. गव्हाण ते कामोठे रिक्षाचा रस्ता, आणि बहिणीची राखी पोस्टमन आणतो, हे आपल्या आईने पाहिलं असतं तर दोघांच्या पाठीत धपाटे घातले असते. तू आला नाहीस, मीही आले नाही. बरोबरी झाली.

सुनावणीला जाऊन आले. प्राचीला मेडिकलमधून सुट्टी मिळाली नाही, म्हणून जिजा आपली हजेरी बुडवून माझ्यासोबत आली. तिथला साहेब आपल्या भावेशच्या वयाचा, बोलायला गोड. मी म्हटलं, "साहेब, ज्या खोपटाचं बिल पाठवलंत, तिथे बदामाचं झाड आहे. झाडाला घरपट्टी लावलीत का?" तो हसला. म्हणाला, "आजी, रेकॉर्डला चार युनिट्स आहेत. तुम्ही पाडल्याचं कधी कळवलंच नाहीत ना. एक साधा अर्ज द्या, आमचा माणूस बघून जाईल, नंबर कॅन्सल करू. पुढचं बिल येणारच नाही." भांडायची तयारी करून गेले होते, तो एवढं नीट बोलला की माझा राग हातातच राहिला.

येताना रिक्षात कळंबोली मागे पडल्यावर जिजाने विचारलं, "काकी, ही घरपट्टी म्हंजी घराची ना?"

"हो."

"ती वाढली म्हनून तुमी माजं भाडं वाढवलं ना?"

"हो गं."

"मंग घरपट्टी तर मीच भरतंय. मना पावती कशी नाय?"

मी म्हटलं, पावती घरमालकाच्या नावाने होते. ती म्हणाली, "साबन आनला कर, चप्पल आनली कर, जैतूच्या बिडीवं बी कर. दुकानदार बोलतंय सगल्याव सरकारचा भाग हाय. आमी एवरं भरतंय आन आमचं नाव कुटंच नाय. वाडीतला जमीनवाला बोलतंय उटा, आमी उटतंय. हितं तुमी बोलाल उटा, आमी उटू." रागावून नाही बोलली. पाऊस पडतो असं सांगावं तसं बोलली.

तेव्हा मला तुझं एका आधीच्या भाऊबीजेचं बोलणं आठवलं. जेवताना मी विचारलं होतं, तुझ्या एवढ्या चाळी, एवढे गाळे, तुला केवढा कर येत असेल? तू हाडूक चोखत हसलास. म्हणालास, "बाय, कर मी कुटं भरतंय? भाडोत्री भरतंय!" सगळे हसले. मीही हसले. आपला भाऊ हुशार म्हणून हसले. त्याच हुशारीने मी जिजाचं भाडं वाढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचं भाडं पूर्वीइतकं केलं. तुला राग येईल, येऊ दे. आता संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर चूल मांडतो. मी उकड मळते, ती भाकऱ्या थापते. कातकरणीच्या हातच्या भाकऱ्या सेक्टरमधल्या फ्लॅटवाल्या आगरी भाकरी म्हणून आवडीने नेतात, आणि मी कोणाचा गैरसमज दूर करत नाही. नफा अर्धा-अर्धा.

आता तुझ्या लेकाचं. परवा भावेश पेढे घेऊन आला. सोबत टाईप केलेला अर्ज, नाव-गाव सगळं भरून तयार. खोपट पाडल्याने नंबर रद्द करावा, म्हणून. "आत्या, तू कुटं फिरतस हापिसात, सही कर, मी देतंय नेऊन." क्षणभर मला भरून आलं. वाटलं, जगनला माझी दया आली, पोराला पाठवलं. मी पेनसुद्धा उघडलं.

मग म्हटलं, चारही बिलं जड आहेत, तर बाप-लेकाला एवढ्याशा खोपटाचीच का काळजी? मी सहज विचारलं, "भावेश, बाकीच्या बिलांचं रे?" तो पोरगा बापासारखा बेरकी नाही, हे त्याचं भाग्य. म्हणाला, "त्याचं बगू गो. पन ह्यो नंबर गेला म्हंजी मागनं ट्रकला वाट होईल ना."

माझ्या घरामागचा तो पडीक तुकडा तू विकत घेतलास, हे मला गावातूनच कळलं होतं. त्याला वाट नाही, हेही माहीत होतं. वाट माझ्या खोपटातून जाते, हे मात्र माझ्या भोळ्या डोक्यात आलं नाही. वर्षानुवर्षं पावती टाकलीस, मला ती माया वाटली. ती मायाच होती, असं मी अजून मानते. पण आवळा देऊन कोहळा काढायचा विचार तुझ्या मनात कधी शिरला, तेवढं एकदा खरं सांग.

सही केली नाही. पेढे ठेवून घेतले, चांगले होते.

बाय


कामोठे गाव,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. जगन,

आशीर्वाद.

गणपतीत तुझ्या घरी आले नाही, हे तू पाहुण्यांपाशी बोलून दाखवलंस. "बायला कोनीतरी फितवलीय" असंही म्हणालास. मला कोणी फितवलं नाही. मला बिलं आली, एवढंच झालं.

जे काही ऐकलंस ते खरं आहे, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याआधी मीच लिहायला हवं होतं. खोपट पुन्हा उभं आहे. जैतूने विटा आणल्या, भट्टीवरच्या फुटक्या-वाकड्या, त्याच्या मजुरीतून वळत्या केलेल्या. जिजाने दुसऱ्यांच्या इमारतींसाठी आयुष्यभर जे केलं, ते पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. बदामाचं झाड तोडलं नाही, पडवी त्याच्या कडेने वळवली आहे. त्या घराला नंबर आहे, तुझ्या भावोजींनी बोंबील खायला घालून मिळवलेला. मी ऑफिसात अर्ज दिला, पण तू पाठवलेला नव्हे. मालक म्हणून माझं नाव, राहणारी म्हणून जिजाचं. त्याच साहेबाने विचारलं, "आजी, तुम्ही तर कॅन्सल करणार होतात?" मी म्हटलं, "तुम्ही पट्टी मागितलीत, तेव्हा मला आठवलं की माझं तिथे घर आहे."

त्याची पट्टी जिजा भरते. तुला वाटेल, बायने गरिबाच्या गळ्यात बिल बांधलं. मीही तिला तेच म्हटलं होतं. ती म्हणाली, "काकी, भरत तर मी आदीपन व्हती. आता पावती येईल." पहिली पावती आली त्या दिवशी तिने ती प्राचीकडून तीनदा वाचून घेतली आणि भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी लावली.

मला माहीत आहे, पावती म्हणजे मालकी नव्हे. पावतीवर तसं छापलेलंच असतं. म्हणून मी जिवंत असेतो आणि माझ्यानंतर प्राची असेतो तिला कोणी उठवायचं नाही, असा कागद वकिलाकडून करून घेतला. प्राचीची सही आहे. पोरगी एवढंच म्हणाली, "आई, मामाच्या ट्रकपेक्षा हिची पोरं बरी."

राहिलेली तीन बिलं मी हप्त्याने भरते आहे. सूट गेली, व्याज लागलं, दुखतं. ज्यांना कराची झळच लागत नाही ते एकरकमी भरून सवलत घेतात, आणि आम्ही जास्त देऊन वर थकबाकीदार म्हणवून घेतो. सुनावणीत हे मी बोलले आहे, पुढच्या वेळीही बोलेन. गावातल्या बायका आता माझ्यासोबत येतात. गेल्या खेपेला इतक्या जणी आलो की साहेबाला खुर्च्या कमी पडल्या.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधीच बोलले नाही आणि आजही बोलणार नव्हते.

बाबांची जमीन संपादनात गेली आणि बदल्यात भूखंड मिळायचे झाले, तेव्हा तू मला रजिस्ट्रार ऑफिसात नेलंस. हक्कसोडपत्रावर मी सही केली. वाचलंसुद्धा नाही. वाचता येत होतं, तरी वाचलं नाही, कारण भावाने पुढे केलेला कागद बहिणीने वाचायचा नसतो, असं आपल्याकडे मानतात. तू मला किशोरीच्या हातून हिरवी साडी दिलीस. त्या भूखंडांवर तुझ्या चाळी उभ्या राहिल्या, गाळे उभे राहिले. आणि त्यांच्या भाड्यातून तू दर दिवाळीला माझी घरपट्टी भरायचास. माझ्याच जमिनीच्या भाड्यातून माझी पट्टी, आणि मी तुला ओवाळायची.

मला त्या जमिनीचं काही नको. ती सही मी तू भाऊ म्हणून केली, ती मागे घेत नाही. पण दुसरी सही मागू नकोस. माझ्याकडे एकच होती.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे. ये. किशोरीला आण, भावेशलाही आण. मटण करते, वडे करते. ताटात टाकायला पैसे, पावती, काहीही आणू नकोस. तू समोर पाटावर बसलास की झालं.

फक्त एक कर. लहानपणापासूनची तुझी सवय मला माहीत आहे, गाडी मागे लावून परसातून हाक मारत येतोस. यंदा तसा येऊ नकोस. मागे आता जिजाचं घर आहे, तिच्या अंगणातून जायला तिला विचारावं लागेल. तू पुढच्या दाराने ये. ते तुझ्यासाठी उघडं आहे.

तुझी थोरली बहीण,
चंद्रावती महादेव पाटील
स्वतःची घरपट्टी स्वतः भरणारी