पेटी कोणाकडे ठेवायची?

गुरुवार, संध्याकाळ. गेवराई.

क्लबच्या बैठकीतून आल्यापासून डोकं ठणकतंय. लेकरं पुण्याहून पोचेपर्यंत उन्हाळ्यात मयत टिकत नाही, म्हणून वर्गणी काढून आम्ही थंड पेटी घेतली. आणली त्या दिवशी फोटोत घुसायला सगळे पुढे. आज विषय एकच, पेटी ठेवायची कोणाकडे? सगळे चहाच्या कपात बघत बसले. अध्यक्षांचं घराला लागूनचं गोदाम रिकामं पडलंय, पण ते म्हणाले, "आईला चालायचं न्हाई. असली वस्तू घरात कावून घ्यायची?" मग त्या दिवशी पेटीला हार कशाला घातला होता? मी दुकानामागची खोली देतो म्हणालो, तर पाच मिनिटांत बायकोचा फोन. "खबरदार!" एवढ्यात तिला कळवलं कुणी?

शेवटी पेटी क्लबच्या हॉलच्या पायऱ्यांपाशीच राहिली. धूळ बसू नये म्हणून वर त्याच फोटोचं बॅनर टाकलं. आम्ही सगळे, हसरे. निघताना एक म्हातारी थांबली. बॅनर बघून तिनं हात जोडले.

"कोन गेलं रं बाबा?"

"कुनीच न्हाई, मावशी. आमी सगळे जित्ते हावोत."

म्हणालो खरा. पण माझं मलाच पटलं नाही.