कोरड्या नळाची हिरवी रेघ

बाई, कॉम्प्युटरबद्दल तुमचं काय मत होतं हे मला कधी कळलंच नाही. तो आपल्या शाळेत आला तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात आणि माझ्या टेबलावर आला तेव्हा तुम्ही नव्हतात. पण गेल्या हिवाळ्यात रोह्याच्या आमच्या कार्यालयात पुण्याचा एक माणूस लॅपटॉप उघडून बसला आणि त्याचं गोड बोलणं ऐकताना मला सारखं वाटत राहिलं, आत्ता बाई इथं हव्या होत्या.

मी पाणीपुरवठ्यात इंजिनियर झाले हे तुम्ही पाहिलंत. आमची योजना फार मोठी नाही आणि फार लहानही नाही. नदीचं पाणी उचलायचं, शुद्ध करायचं आणि रोह्याजवळच्या गावांपासून पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटापर्यंत पोचवायचं. जमिनीखाली पाइप, मधे मधे व्हॉल्व्ह, पंप, टाक्या. त्यातलं काय कुठे आहे, किती जुनं झालंय, कधी दुरुस्त केलं, हे थोडं फायलींत होतं आणि बरंचसं निवृत्त होऊन घरी गेलेल्या माणसांच्या डोक्यात. आता वरून आदेश आला की हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये घ्या, म्हणजे कुठला पाइप आधी बदलायचा ते त्यातूनच कळेल. छाननी होऊन दोन कंपन्या उरल्या होत्या. निवड करणारे आम्ही तिघं: आमचे साहेब, मी आणि निडीहून रोज रेल्वेनं येणारा आमचा ज्युनियर इंजिनियर. तिशीचा, चुणचुणीत, आणि मला तेव्हा जरा जास्तच बोलका वाटणारा.

पुण्याचा माणूस मोठ्या कंपनीचा. त्यानं पडदे ओढून घेतले आणि भिंतीवर आमचाच नकाशा उजळला. लाल पाइप म्हणजे धोक्यातला, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे ठणठणीत. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. मी मात्र नकाशाच्या टोकाला बघत होते. डोलवीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावाकडे जाणारी रेघ हिरवीगार होती. ती लाइन खाऱ्या जमिनीतून जाते आणि आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या लाइनींपैकी आहे.

"ही हिरवी कशी काय?" मी विचारलं.

"मॅडम, या लाइनवर फुटल्याची नोंद नाही. तक्रार नाही. सिस्टिम डेटाच्या पलीकडे काही बोलत नाही," तो हसून म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. एरवी प्रत्येक गोष्टीत तोंड घालणारा आमचा ज्युनियर गप्प बसला होता, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

त्या दिवशी मला आपला आठवीचा वर्ग आठवला. फळ्यावर तेच नेहमीचं गणित. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला, उत्तर सांगितलं. तुम्ही खडू खाली ठेवता आणि म्हणता, "जा, मागच्या टाकीचा नळ सोडून ये." मी धावत जाते, नळ फिरवते. पेणला दुपारचं पाणी कुठलं? मी परत येऊन सांगते, "बाई, पाणी नाही." वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "मग तुझी टाकी कधी भरेल?" मला भयंकर राग आला होता. गणितात तसं कुठे लिहिलं होतं? घरी जाऊन मी आईला म्हटलं, या बाई मुद्दाम मला तोंडघशी पाडतात. पण पुढे दर रविवारी तुमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. तुम्ही पोह्याचे पापड लाटायच्या आणि मी जमिनीवर वही ठेवून गणितं सोडवायची. एका हातानं लाटणं फिरवत, वहीकडे न बघता तुम्ही विचारायच्या, "हे कुठून आलं? दाखव." मला वाटायचं, या बाईंचा जगात कशावरच विश्वास नाही. आणि ते मला आवडायला लागलं.

तर ती हिरवी रेघ माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी मी पेणला घरी जायला एसटी स्टँडवर आले, तर समोरच्या टपरीवर आमचा ज्युनियर आणि तो पुण्याचा माणूस चहा पीत उभे. ज्युनियर हातवारे करून काही सांगत होता, दुसरा मान हलवत होता. मग दोघं एकाच मोटरसायकलवर बसून नागोठण्याच्या दिशेनं निघून गेले. मी एसटीत बसले आणि वाटभर हिशेब जुळवत गेले. मीटिंगमध्ये गप्प का बसला, ते कळलं म्हटलं. रोजचा बोलका माणूस नेमका तेव्हाच मुका होतो आणि दोनच दिवसांनी त्या माणसाबरोबर चहाला जातो. वडखळ येईपर्यंत माझ्या मनात तो पोरगा पक्का विकला गेला होता. घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "साहेबांना सांग ना मग." मी सांगणारच होते. फक्त आधी ती लाइन बघून घ्यावी, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच मांडता येतील, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न कळवता मी त्या गावात गेले. लांबवर कारखान्याच्या चिमण्या, दोन्ही बाजूंना खारट पाण्याची डबकी, आणि गावाच्या तोंडाशी आमच्याच योजनेची नळकोंडाळी. नळाच्या तोंडाला कोळ्यानं जाळं केलं होतं. टँकरची वाट बघत एक बाई हंडे मांडून बसली होती.

"पाणी येत नाही का?"

"पानी?" ती हसली. "नल सोरला का निस्ता वारा येतं गो बाय. कवापासून तेच हाय."

"मग तक्रार का नाही केली?"

"केली ना. लय केली. मंग सोरून दिली." आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी लोकं आता रोज येनार काय? काल येक साहेब आलता. निडीचा हाय म्हनला. संगती पुन्याचा मानूस, त्याला नल सोरून दाखवत व्हता. लय भांडला त्याच्याशी."

बाई, मी तिथंच नळाच्या कठड्यावर बसले. पाणी नाही म्हणून दाब नाही, दाब नाही म्हणून पाइप फुटत नाही, जुन्या तक्रारी फायलींतच राहिल्या आणि पुढे लोक थकले म्हणून नवी तक्रार नाही. हिरवी रेघ तिथून आली होती. हे शोधायला मी एकटीच निघाले आहे अशा तोऱ्यात होते, आणि तो आदल्याच दिवशी त्या माणसालाच घेऊन इथं येऊन गेला होता.

परतीच्या रिक्षात मला घटक चाचणी आठवली. मी पुढच्या मुलीचं बघून लिहिलं, असं दुसऱ्या एका सरांनी तुम्हाला येऊन सांगितलं होतं. मी दाराशी रडत उभी. तुम्ही आम्हा दोघींचे पेपर काढलेत, शेजारी ठेवलेत, शांतपणे शेवटपर्यंत वाचलेत. मग सरांना म्हणालात, "हिच्या चुका हिच्या स्वतःच्या आहेत. नक्कल नाही." तुमच्यासारखी संशयी बाई दुसरी नव्हती, पण संशय आला की तुम्ही उठून बघून यायच्या. मी तुमचा संशय तेवढा उचलला. एक चहा पाहिला आणि माणूस निकालात काढला.

निवडीच्या मीटिंगमध्ये साहेबांचा कल मोठ्या कंपनीकडेच होता. मी काही बोलायच्या आत ज्युनियर उभा राहिला. "साहेब, जिथं दाब मोजलेलाच नाय, तिथं हिरवा रंग देता येणार नाय. त्या दिवशी खात्री नव्हती म्हणून बोललो नाय, मग त्यांना गावात नेऊन दाखवलं. ते म्हणतात, सिस्टिम बदलता येत नाय. आणि उद्या आपली माहिती आपल्याला परत हवी झाली तर कशी मिळेल, याचंही सरळ उत्तर देत नायत." साहेब भडकले. तुला कुणी सांगितलं होतं परस्पर गावात न्यायला, इथं निर्णय कोण घेतं, असं बरंच. त्याचे कान लाल झाले. तेव्हा मी म्हटलं, "साहेब, मीही जाऊन आले. तो म्हणतो ते खरं आहे."

शेवटी दुसरी कंपनी घेतली. तिचा नकाशा दिसायला फिका आहे, पण जिथं मोजलेलं नाही तिथं करडा रंग आणि 'माहिती नाही' असं लिहायला ते तयार झाले. पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त नकाशा करडा दिसला आणि साहेब आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. आता दाब मोजायची यंत्रं बसताहेत. खाडीकडची लाइन उकरली, आतून गंजानं भरलेली निघाली, बराच भाग बदलला. गावात पाणी येतं, एक दिवसाआड. हंडेवाल्या बाईला विचारलं तर म्हणाली, "येतं हाय. पन किती दिस, ते बगू." मला तिचं पटलं. या नव्या नकाशावरही माझा भरवसा नाही, त्यात एखादी रेघ हिरवी झाली की मी फोन लावून विचारते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं एक लिहून ठेवते. परवा ज्युनियर टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, त्या दिवशी साहेब चिडले तेव्हा तुम्ही पाठीशी राहिलात. घरी सांगितलं मी. आईनं वाल दिलेत, आमच्याच शेतातले." कापडी पिशवी पुढे केली. मी म्हटलं, "अरे, त्यात काय एवढं!" वाल घरी आणले, भिजवले, मोड आणले, बिरडं केलं. चांगलं झालं होतं, दोनदा वाढून घेतलं. त्याच्याबद्दल मी काय ठरवून बसले होते, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.